टेपची पहिली तीन फुटं

११ मार्च २०२५, मंगळवार

होळीचं झाड ठरलं. रायवळ आंबा, शिडशिडीत, सरळसोट, उंची अठ्ठेचाळीस फूट, घेर एक्केचाळीस इंच. गेल्या दहा वर्षांत असं झाड वाडीने होळीला आणलेलं नाही.

झाड ठरवण्याचं काम आमच्या वाडीत माझ्याकडे आहे. हा मान नव्हे, काम. मान गावकारांचा, म्हणजे देवाच्या मानकऱ्यांचा. पण किती उंच आणि कुणाच्या हद्दीत हे मी सांगतो, कारण मोजणी येणारा वाडीत मी एकटा. मी दहावी नापास आहे, पण गणितात नव्हे, इंग्रजीत. पंप दुरुस्ती, वायरिंग, घनफूट, उतार, सगळं पुस्तकं वाचून आणि करून शिकलो.

झाड कुणाचंही चालतं. विचारायची पद्धत नाही, सांगायची आहे. ज्याच्या जागेतलं झाड, त्याच्या दारात ढोल घेऊन जायचं, उंबऱ्यावर असोला, म्हणजे न सोललेला, नारळ ठेवायचा, गावकारांनी त्या घराच्या नावाने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि घरच्या बाईने कुऱ्हाडीला कुंकू लावायचं. म्हणून हद्द महत्त्वाची.

मोजायला माझा नेहमीचा पोलादी टेप. संदेश सुर्वेने १९९८ साली बोटीवरून येताना जपानच्या कोबे बंदरातून आणून दिलेला. पुढच्याच वर्षी धाकूनानांच्या विहिरीची खोली घेताना त्याची पहिली तीन फुटं तुटून तळाला गेली. तेव्हापासून टोकालाच तीनचा आकडा आहे. येईल त्या मापातून तीन वजा करायचे, झालं. नवा घ्या म्हणून बायको, गंगा, मागे लागते. पण असं पोलाद आता मिळत नाही.

रस्त्याकडेच्या हद्दीच्या दगडापासून टेप लावला. तिथून संदेशची जागा नकाशाप्रमाणे चौसष्ट फूट, पुढे धाकूनानांची. मधला दगडी गडगा केव्हाच ढासळलाय. ढोलवाले घाई करत होते, तरी टेप नीट ताणूनच आकडा घेतला. सहासष्ट. म्हणजे झाड धाकूनानांच्या हद्दीत, दोन फूट आत. नानांच्या दारात नारळ ठेवला, गाऱ्हाणं झालं, पहिला घाव मी घातला.

गंगा म्हणाली, "ते चिमाकाकीने लावलेलं ना? संदेशभावजींच्या आईने?"

मी म्हटलं, "लावलं कुणी याला अर्थ नाही. उभं कुठे आहे ते बघायचं."

१४ मार्च, शुक्रवार

होळी उत्तम उभी राहिली. कलली अर्धा इंच, तेवढं चालतं. संदेश दोर धरायला आला नाही. बत्तीस वर्षं बोटीवर काढून गेल्या दिवाळीत कायमचा घरी आलाय, शिमग्याला पहिल्यांदाच गावात आहे, आणि दारातून बाहेर पडला नाही. बोटीवरच्या माणसाला ढोलाचा आवाज सोसत नसेल.

१७ मार्च, सोमवार

संदेशने माझ्यावर चोरीची तक्रार दिली. संदेशने. माझ्यावर.

ठाण्यात बोलावलं होतं. संदेश बाकावर बसलेला, माझ्याकडे न बघता. हवालदार भला माणूस. म्हणाले, "पाष्टे, बसा. सुर्वेंनी झाडाची किंमत चार हजार सांगितल्येय. पाच हजारांच्या खाली, म्हणजे अदखलपात्र. मी नुसती नोंद घेतो, तुम्ही दोघं बाहेर टपरीवर चहा प्या, विषय संपला."

मी म्हटलं, "किती?"

"चार हजार."

"त्या झाडाला?"

"पाष्टे, चहा प्या."

पण चुकीचा आकडा सरकारी कागदावर जात असताना मी चहा कसा पिणार? मी सांगितलं, तीस फूट सरळ खोड, घेराचा चौथा हिस्सा सव्वादहा इंच, म्हणजे बावीस घनफुटाला थोडं कमी. आजच्या भावाने सात हजार दोनशेच्या खाली कुणी देणार नाही. वाडी चार हजारांचं लाकूड होळीला आणते असं उद्या कुणी म्हणायला नको.

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय का?"

"तीस वर्षं घनफूट काढतोय साहेब."

बाकावरून संदेश ओरडला, "अरे गप बस ना, मेल्या!" फिर्यादीने आरोपीशी असं बोलणं बरोबर नाही.

हवालदारांनी त्याला विचारलं, "काय करू सुर्वे?" संदेशने कपाळावर हात मारला. म्हणाला, "लिहा. त्याला पायजे तेवढे लिहा."

मग झाड कुणी तोडलं हे विचारलं. मी म्हटलं, ठरवलं मी, मोजलं मी, पहिला घाव माझा. बाकीचे चाळीस जण? ते नाचत होते. नाचणं हा गुन्हा नाही.

गुन्हा नोंदला गेला. भारतीय न्याय संहिता, कलम ३०३, पोटकलम २. सही करण्यापूर्वी दोन शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या. हवालदारांनी मुकाट्याने दुरुस्त केल्या.

२२ मार्च, शनिवार

पंचनामा. झाड होळीच्या होमात जळालेलं, तेव्हा मुद्देमाल म्हणून काय घेणार? शेवटी कोळशाचे तीन तुकडे कापडी पिशवीत घालून लाखेचं सील मारलं. सगळी वाडी जमली होती. धाकूनाना म्हणाले, "बघा रे, देवाचा अंगारा सील केलान!"

सगळे हसले. माझ्या मते तुकड्यांची लांबी लिहून घ्यायला हवी होती.

नानांनी मला बाजूला घेतलं. "आत्माराम, तो नारळ मी फोडला नाय हो. तसाच ठेवलाय देवाखाली. माझं मन घेत नाय."

"फोडा नाना. मोजणी माझी आहे."

"म्हणून तर घेत नाय," म्हणाले. वय झालं. पंचाहत्तर पूर्ण.

१० जून, मंगळवार

रत्नागिरीला कोर्टात पहिली तारीख. वाडीतली वेदिका तिथे वकिली करते, दोन वर्षांपूर्वी सनद मिळाली. म्हणाली, "काका, वकीलपत्र माझ्याकडे द्या, फी नको." पोर चांगली आहे, पण हिला स्क्रूड्रायव्हर धरायला मी शिकवलं. माझा खटला मीच चालवणार. नव्या तिन्ही कायद्यांची पुस्तकं आणलीत. न्याय संहिता पूर्ण झाली, नागरिक सुरक्षा संहितेची दोनशे कलमं झाली.

माझा मुद्दा पक्का आहे. चोरीला अप्रामाणिक हेतू लागतो. ढोल वाजवत कोण चोरी करतो? आणि झाड धाकूनानांच्या हद्दीत. त्यांची तक्रार नाही. संपलं.

जामीन जातमुचलक्यावर झाला. आदेशात अट आहे: 'आरोपीने फिर्यादीशी कोणत्याही प्रकारे संपर्क साधू नये.' मी विचारलं, संपर्क म्हणजे किती फुटांच्या आत? आणि नजरेने धरायचा का?

न्यायाधीश बाई वयाने लहान, पण नजर फार शांत. म्हणाल्या, "पाष्टे, त्यांच्याशी भांडू नका, त्यांना धमकावू नका, एवढाच अर्थ."

पण कागदावर 'कोणत्याही प्रकारे' आहे. मी कागदाने जाणार. परत येताना आदेशाच्या दोन झेरॉक्स काढल्या, एक लॅमिनेट केली.

१३ जुलै, रविवार

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी संदेश माझ्या अंगणात आला, छत्री घेऊन.

"आत्म्या, बाहेर ये. दोन शब्द बोलायचेत."

मी खिडकीतून लॅमिनेट केलेला आदेश दाखवला.

"अरे, मी फिर्यादी ना? मीच सांगतोय, बोल!"

उत्तर दिलं तर अटीचा भंग. म्हणून मी गंगाला सांगितलं, "त्यांना सांग, कोर्टाचा आदेश फिर्यादीला बदलता येत नाही."

गंगा म्हणाली, "ऐकलं त्यांनी. दोन हातांच्या अंतरावर उभे आहेत."

"त्यांना सांग, अर्ज करायचा असेल तर न्यायालयात करावा."

"गंगावहिनी," संदेश म्हणाला, "हा असाच होता का हो लग्नात?"

"लग्नात मंडप मोजलान," गंगा म्हणाली. हे खरं आहे. मंडप एका बाजूला नऊ इंच कमी होता.

मी आत निघून आलो. संदेश पडवीत बसला, गंगाने त्याला चहा दिला. पंचवीस मिनिटं बोलत होते. काय बोललीस विचारलं तर म्हणते, पावसाचं.

नंतर भाकऱ्या थापता थापता एकदम म्हणाली, "त्यांचं दुखणं झाडाचं नाय. चिमाकाकी जाताना म्हणाली होती, माझा आंबा एक दिवस होळीला जाईल, ढोल माझ्या दारात येईल, तेवढ्यापुरता माझा संदेश घरी असू दे. आणि ढोल आला तो त्याच्या दारावरून पुढे धाकूनानांकडे गेला. नारळ तिकडे, गाऱ्हाणं तिकडे. तो पायरीवर उभा होता हो. नवा सदरा घालून."

मी म्हटलं, यातलं एक अक्षरही दोषारोपपत्रात नाही.

गंगाने भाकरी उलटली. जरा जास्तच जोरात.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती आले. संदेशच्या घरच्या आरतीला झांज माझी. तो बोटीवर असताना चिमाकाकीसाठीही मीच जायचो, एक वर्ष चुकलेलं नाही. यंदा आदेश आहे.

सर्व बाजूंनी विचार करून माझ्याच अंगणाच्या कडेला उभा राहिलो. त्यांच्या पडवीपासून अंतर पंच्याऐंशी फूट, तीन वजा करून. तिकडे आरती सुरू झाली तशी मी इकडे झांज धरली. आपल्या अंगणात झांज वाजवायला कोणत्याही कलमाची आडकाठी नाही.

आरती यंदा फार संथ चालली होती. मी जरा मागे पडलो की तेही थांबत. एकदा मी शिंकलो, तर कडवं थांबलं आणि पुन्हा धरलं. योगायोगाने शेवटपर्यंत जुळलं.

संध्याकाळी संदेशच्या बायकोने, मृणालीवहिनींनी, गंगाच्या हाती एकवीस मोदक दिले. मोदक हा संपर्क ठरतो का, याचा पुस्तकात उल्लेख नाही. नऊ खाल्ले.

४ सप्टेंबर, गुरुवार

गंगा सकाळच्या एसटीने रत्नागिरीला डोळे तपासायला गेली. सोबत मृणालीवहिनी आणि संदेश. त्यांनाही डोळेच तपासायचे होते म्हणे. तिघांचे डोळे एकदम बिघडावेत याचं नवल वाटलं. वाडीत साथ आहे का ते बघायला हवं.

परत आली तेव्हा चष्म्याचा नंबर तोच. डॉक्टरांची चिठ्ठी मागितली, तर म्हणाली वेदिकाकडे राहिली. वेदिकाकडे कशी, ते विचारायचं राहून गेलं, कारण घरात सुरमई होती. मी बाजार केला नव्हता. मासळी कुठली विचारलं, तर "समुद्रातली."

५ ऑक्टोबर, रविवार

युक्तिवाद पूर्ण झाला. चौदा पानं, फुलस्केप, एका बाजूने. गंगाला वाचून दाखवला. सहाव्या पानावर तिने डोळे मिटून घेतले. ऐकताना एकाग्रतेसाठी ती तसं करते.

सरकारी कृषी अधिकाऱ्याचा अहवालही आलाय. त्याने झाडाची किंमत तीन हजार आठशे काढली. खोड न बघता, वर्तमानपत्रातल्या फोटोवरून! पाच हजारांच्या खाली म्हणजे पहिल्याच गुन्ह्याला फार तर समाजसेवेची शिक्षा, हे मला कळतं. वेदिका म्हणाली, "काका, अहवाल आपल्या फायद्याचा आहे, हात जोडते, आव्हान देऊ नका." पण तीन हजार आठशे? चिमाकाकीच्या झाडाला?

आव्हानाचा अर्ज लिहिला. अजून दिलेला नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

परवा सुनावणी. संदेशची उलटतपासणी मी घेणार. प्रश्न एकतीस. सगळा भर हद्दीवर आहे, म्हणून मापाचा मूळ आकडा उतरवून घ्यायला ही वही काढली. ११ मार्चचं पान.

'सहासष्ट. म्हणजे झाड धाकूनानांच्या हद्दीत.'

पुन्हा वाचलं. मग त्याच्या वरचा परिच्छेद वाचला, टेपचा, माझ्याच अक्षरातला. मग पुन्हा सहासष्ट.

वजा केलेले नाहीत.

टेप घेऊन गेलो. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं, दव होतं. दगडापासून बुंध्यापर्यंत तीनदा लावला. तीनदा सहासष्ट. तीन वजा, त्रेसष्ट. संदेशची जागा चौसष्ट.

झाड एक फूट संदेशच्या हद्दीत होतं. चिमाकाकीने आपल्याच जागेत लावलं होतं, नीट, हद्द सोडून. तिला टेप लागला नाही.

बुंध्यावर बसलो. तिथून संदेशच्या घराची पायरी समोर दिसते. अंतर घेतलं नाही.

ढोल त्या पायरीसमोरून गेला तेव्हा सर्वांत पुढे मी होतो. दोर माझ्या खांद्यावर होता. डावीकडे बघितलं असतं तर तो दिसला असता. मी आकडा पाठ करत चाललो होतो.

घरी येऊन गंगाला सांगितलं. म्हटलं, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा मोजणी चुकली. ती म्हणाली, "बरं. आंघोळ करून घ्या, घावने गरम आहेत." तिला काडीचाही धक्का बसलेला दिसला नाही. मोजणीतलं गांभीर्य सगळ्यांनाच कळतं असं नाही.

आता दोन रस्ते. पोलिसांनी सरकारी मोजणी करून घेतलेलीच नाही. म्हणजे हद्द सिद्ध करण्याचा भार त्यांच्यावर आणि त्यांच्याकडे पुरावा शून्य. माझ्या एकतीस प्रश्नांत संदेशला उत्तर सापडणार नाही. मी सुटेन, आणि माझ्या बुद्धीवर सुटेन.

दुसरा रस्ता या वहीतल्या एका ओळीचा आहे.

युक्तिवादाची चौदा पानं पुन्हा वाचली. भाषा उत्तम आहे. सातव्या पानावर 'आरोपीची मोजणी निर्विवाद आहे' असं वाक्य आहे. त्याखाली लाल रेघ मारली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सविस्तर लिहितो, कारण कोर्टाच्या कागदात यातलं फारसं येणार नाही.

सव्वाबारा वाजता पुकारा झाला. संदेश साक्षीला उभा राहिला. न्यायाधीश बाई म्हणाल्या, "पाष्टे, विचारा."

मी म्हटलं, "प्रश्न नाहीत. दुरुस्ती आहे."

मागच्या बाकावर वेदिकाचा "अरे देवा" असा आवाज आला.

मी ही वही पुढे केली. ११ मार्चचं पान उघडून सांगितलं की माझ्या टेपची पहिली तीन फुटं १९९९ पासून नाहीत. ती वजा करायची असतात. त्या दिवशी मी केली नाहीत. झाड फिर्यादीच्या हद्दीत होतं, एक फूट आत. फिर्यादीचं म्हणणं बरोबर आहे. हेतू अप्रामाणिक नव्हता, पण माप चूक होतं आणि चुकीच्या मापावर ज्या घरचा मान होता तो दुसऱ्या दारात गेला. ही चूक सरकारी पुराव्यात नाही, म्हणून मी देतोय.

बाईंनी ते पान वाचलं. मग म्हणाल्या, "पाष्टे, पोलीस ठाण्यात किंमतही तुम्हीच वाढवून दिली होती, बरोबर?"

"वाढवली नव्हती. बरोबर केली होती."

स्टेनो बाईंनी टाइप करता करता तोंडावर रुमाल धरला. सर्दीची साथ आहे.

बाईंनी संदेशला विचारलं, "सुर्वे, तुमचं काय म्हणणं?"

संदेश पिंजऱ्याचा कठडा धरून उभा होता. म्हणाला, "मॅडम, मला झाडाचे पैसे नकोत. झाड होळीलाच जायचं होतं. आईची तीच इच्छा होती. एवढंच की ढोल दारात यायला हवा होता. यायला हवा होता की नाय, सांगा?"

"यायला हवा होता," बाई म्हणाल्या. "पण नारळ आणि गाऱ्हाणं मी आदेशात लिहू शकत नाही."

"तुम्ही कशाला लिहिताय मॅडम, हा लिहील," संदेश म्हणाला. "हा सगळं लिहितो."

तेवढ्यात वेदिका उठली. तिच्या हातात तडजोडीचा अर्ज होता, नागरिक सुरक्षा संहिता कलम ३५९ खाली, टाइप केलेला. फिर्यादीची सही झालेली, माझ्या सहीची जागा मोकळी. पोर चलाख आहे, पाच मिनिटांत कसा तयार केला कुणास ठाऊक. फक्त एक चूक होती. अर्जावर तारीख ४ सप्टेंबर छापली होती. मी ती तिच्या नजरेस आणून दिली. ती म्हणाली, "काका, राहू दे." मी म्हटलं, राहू कशी देणार? पेनाने दुरुस्त केली, बाजूला सही केली. मागे गंगा बसली होती. ती छताकडे बघत होती.

बाईंनी तडजोड मंजूर केली. आदेश सांगितला, त्यात 'आरोपीची निर्दोष मुक्तता' असे शब्द होते. मी हात वर केला.

"आता काय, पाष्टे?"

"निर्दोष हा शब्द बरोबर नाही. दोष होता. तीन फुटांचा."

"तो कायद्याचा शब्द आहे. तुमचा नाही. घरी न्या."

युक्तिवादाची चौदा पानं निदान नोंदीला घ्यावीत अशी विनंती केली. बाईंनी ती हातात घेतली, वजन पाहिलं आणि परत दिली. "शिमग्यात वाचून दाखवा," म्हणाल्या. ही सूचना मी आदेश म्हणून धरत नाही.

बाहेर आल्यावर अट संपली होती. एक वाजून पाच मिनिटं. मी संदेशला म्हटलं, "आता संपर्क साधता येईल."

"साध," तो म्हणाला.

वही काखेत धरली. मग विचारलं, "तुला कधी कळलं? माप चुकलं ते?"

"त्याच दिवशी. तू सहासष्ट म्हणून ओरडलास तेव्हा पायरीवरून ऐकलं. तो टेप मी दिलेला ना? त्याची तीन फुटं विहिरीत माझ्याच हातून गेली. मला वाटलं, आता वजा करील. आता करील. आणि तू ढोल घेऊन पुढे!"

"मग ओरडून सांगायचं होतंस."

"मी सांगायचं?" तो म्हणाला. "माझ्याच दारात ढोल आणा म्हणून मी ओरडायचं?"

हे बरोबर आहे. तसं कुणी ओरडत नाही.

टपरीवर चहा घेतला. मार्चमध्ये हवालदारांनी सांगितलेला तोच चहा, आठ महिने तीन दिवस उशिरा. गंगा आणि वेदिका दुसऱ्या बाकावर बसून हसत होत्या. काय झालं विचारलं, तर गंगा म्हणाली, "पावसाचं." नोव्हेंबरात.

कृषी अधिकाऱ्याविरुद्धचा अर्ज संदेशला दाखवला. त्याने पूर्ण वाचला. म्हणाला, "हा मात्र दे. तीन हजार आठशे म्हणजे काय!"

५ मार्च २०२६, गुरुवार

आज पालखी वाडीत होती. ठरल्याप्रमाणे ढोल आधी संदेशच्या दारात नेला. यंदाचं झाड दुसऱ्याच जागेतलं होतं, पण गेल्या वर्षीचं बाकी होतं ते बाकी होतं. गावकारांनी गाऱ्हाणं घातलं: "बा देवा महाराजा, चिमाबाईच्या हातचं झाड तुझ्या होळीला पावलं, आमच्या मापात चूक झाली ती पदरात घे, हिच्या लेकराला सुखी ठेव!" सगळ्यांनी "व्हय महाराजा" म्हटलं. 'मापात चूक' हे शब्द गावकारांनी स्वतःहून घातले. मी दिलेल्या मसुद्यात 'तीन फुटांची चूक' होतं.

मृणालीवहिनींनी कुऱ्हाडीला कुंकू लावलं. संदेश पायरीवर उभा होता. सदरा तोच, गेल्या वर्षीचा. घडीच्या रेघा अजून दिसत होत्या.

मग धाकूनाना काठी टेकत पुढे आले. मागून त्यांच्या सुनेने परातीतून आणला तो गेल्या वर्षीचा असोला नारळ. देवाखालच्या कोपऱ्यात ओलीला राहून त्याला कोंब फुटला होता. दोन पानं, तिसरं उमलतंय.

"तुझा हाय रे हा," नाना संदेशला म्हणाले. "मी नुसता राखलाय. आत्मारामला म्हणत होतो मी, माझं मन घेत नाय, तर म्हणे मोजणी माझी आहे." सगळी वाडी माझ्याकडे बघून हसली. मी हसलो नाही, पण रागही आला नाही. मुद्दा बरोबर होता.

नारळ मृगात लावणं उत्तम, पण नाना म्हणाले, मी मृगापर्यंत थांबेन याची खात्री तू मोजून देतोस काय? तेव्हा आजच लावायचं ठरलं. जागा आंब्याच्या जुन्या बुंध्याशेजारी. हद्दीपासून नीट आत हवी, उद्या कुणाच्या नातवंडांनी कोर्टात जायला नको. मी टेप आणायला गेलो. गंगाने मागच्या महिन्यात नवा आणून ठेवलाय, पूर्ण शंभर फूट, टोकासकट. मी जुना घेतला.

तुटकं टोक मी दगडाशी धरून उकिडवा बसलो. संदेश रोप काखेत घेऊन टेप ओढत पलीकडे गेला. मध्ये धाकूनाना, दोन ढोलवाले आणि पालखीचा भोई, सगळे टेपवर पाय देत होते. मी त्यांना बाजूला केलं.

"आकडा सांग!" मी ओरडलो.

"पन्नास!" संदेश ओरडला, आणि टाचेने खूण करून खणायला लागलासुद्धा.

वहीत लिहिलं: रोप पन्नासवर. त्यात तीन वजा केले होते की नाही, ते मी विचारलं नाही.